एकोणीस नंबरचं अंडं

ईश्वर माणसांना नावाने हाक मारायचं विसरला, हे सुगंधाबाईला त्याच्या बाकी सगळ्या खोडींपेक्षा जास्त खुपत होतं. दारात गाडी लावून उगाच हॉर्न वाजवायच्या त्याच्या खोडीकडे तिने कानाडोळा केला होता. घरात बूट घालून हिंडतो म्हणून शिव्या देऊन देऊन ती दमली होती. पण ज्याचा शेंबूड तिने पदराने पुसला, तो नातू ओट्यावर खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसतो आणि गल्लीतल्या बायामाणसांना ‘ए बारा नंबर’, ‘ए सव्वीस नंबर’ म्हणून बोलावतो, हे काही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. तसं ऐंशी ओलांडल्यापासून तिच्या घशाखाली फारसं काही उतरतच नव्हतं, तोंडात एक दात उरला नव्हता. पण हे पेजेसारखं पातळ करून दिलं असतं तरी उतरलं नसतं.

मोरखडी हे शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेलं सत्तर घरांचं गाव. सरपंच ईश्वरची बायको ज्योत्स्ना. म्हणजे कागदावर सही ज्योत्स्नाची आणि गावात आवाज ईश्वरचा.

मंगळवार उजाडला की पडक्या बंगल्याजवळच्या चिंचेला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा वाजायचा. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. पाळी असलेल्या घरांनी निघायचं. बंगल्यामागे ईश्वरने पत्र्याची शेड टाकली होती, तिथे चार जाती मांडली होती. घरामागे एक टोपली चारोळीच्या बिया घालायच्या आणि दिवसभर बसून त्या भरडून, टरफल पाखडून, आतला दाणा काढून द्यायचा. का, तर जंगलवाल्या साहेबांना द्यावं लागतं. नाही दिलं तर उद्या साहेब मोळी धरतील, मोहाची फुलं वेचू देणार नाहीत, बकऱ्या कोंडवाड्यात घालतील. जंगलावर गावाचा हक्क मिळावा म्हणून सगळ्यांनी कधीचे अंगठे उठवले होते, पण ते काम वर अडकलंय, असं ईश्वर सांगे. कुठे वर, ते कुणी विचारत नसे.

त्या मंगळवारी त्याने वही उघडली आणि समोरच्या घराकडे बघून हाक दिली, “एकोणीस नंबर.”

मोनाली बाहेर आली. मंजुळाबाईची सून. डोक्यावर टोपली, एक हात कमरेवर, पोट पुढे.

“भाऊ, माले सातवा लागना शे. आज सासूले धाडू का?”

“सासूच्याने जातं ओढवतं का? साहेबांना उद्या माल पोचवायचाय. मग तुझ्या नवऱ्याची मोळी धरली की माझ्याच दारात रडत येशील.” शिरपूरला कॉलेज केल्यापासून ईश्वर पुस्तकातली मराठी बोले, त्यातल्या त्यात कुणाला हाकलायचं असेल तेव्हा.

सुगंधाबाई अंगणात बाजेवर बसली होती. “तिले नाव शे,” ती म्हणाली. “मोनाली.”

“मोठी माय, वहीत नंबर आहेत. नावं नाहीत.”

“मंग त्या वहीले सात महिनानं पोट शे का?”

मोनालीला हसू आलं. तिने ते पदराने दाबलं, टोपली सावरली आणि बंगल्याच्या वाटेला लागली. ती रागावली असती तर सुगंधाबाईला इतकं वाईट वाटलं नसतं. ती हसली आणि गेली, याचंच तिला वाईट वाटलं. अशी हसून गेलेली एक बाई तिने पूर्वी पाहिली होती. तीही एकोणीस नंबरचीच होती.

कारण हे आकडे ईश्वरने काढलेले नव्हते. ते गोऱ्या साहेबाचे. साहेबाने जंगल आपल्या नावावर करून घेतलं, शिकारीला आणि तपासणीला उतरायला बंगला बांधला आणि गावातल्या दारांवर डांबराने आकडे घातले. साहेबाची स्वारी आली की रूळ वाजायचा आणि ज्याने त्याने आपली वेठ घेऊन धावायचं. सात नंबरने पाणी. सव्वीस नंबरने घोड्याचं गवत. तीन नंबरने साहेबाचं आंघोळीचं पिंप, ते चार माणसांना उचलत नसे. एकोणीस नंबरने अंडी. रूळ वाजवायचं काम बंगल्याच्या राखणदाराचं. राखणदार होता वना, सुगंधाबाईचा सासरा, ईश्वरचा पणजोबा.

आणि आता त्याच वनाच्या नावाची कमान गावाच्या तोंडाशी उभी राहत होती. पंधरा ऑगस्टला तिचं उद्घाटन होतं. ‘स्वातंत्र्यसेवक वनाबाबा प्रवेशद्वार.’ अक्षरं सोनेरी, कमान गुलाबी.

“तो कोना सेवक व्हता रे?” सुगंधाबाईने विचारलं होतं.

“साहेबाच्या बंगल्यात राहून आतून देशाचं काम केलं त्यांनी. असं होतंच ना.”

“तू पाह्यलं व्हतं?”

“तू तर पाहिलंस. दोन शब्द बोल त्या दिवशी माईकवर. त्याआधी तुला दात करून आणतो. जळगावला. बोळकं घेऊन पाहुण्यांसमोर उभी राहू नको.”

पाहुणे म्हणजे शिरपूरचे दोघे पुढारी. ईश्वरला पुढच्या निवडणुकीत तालुक्यात उभं राहायचं होतं आणि त्यासाठी घरात एक देशभक्त असणं सोयीचं होतं. सुगंधाबाई गप्प बसली. तिला दात हवे होते. भाकरी हवी होती, भाजलेलं कणीस हवं होतं. आणि खरं सांगायचं तर सोनेरी अक्षरांत आपल्या घराचं नाव बघायला तिलाही बरं वाटलं होतं. ती घराण्याचा तोरा सांभाळणारी बाई होती. भर बाजारात कुणी ‘राखणदाराची सून’ म्हटलं तरी ती मान ताठ करून, ‘बंगल्यावाल्याची’ अशी दुरुस्ती करायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते चोपड्यावरून जळगावला गेले. डॉक्टरने माप आधीच घेतलं होतं, त्या दिवशी कवळी बसवून दिली. वरची अन् खालची, दोन्ही. आरशात बघितलं तर एक अनोळखी, श्रीमंत बाई दात विचकून तिच्याकडे बघत होती.

“थोडे दिवस टोचेल, आजी,” डॉक्टर म्हणाला.

“टोचू दे,” सुगंधाबाई म्हणाली. “मी बी लोकास्ले टोचस.”

ईश्वरला बँकेत काम होतं. त्याने तिला हीरालालच्या दुकानात सोडलं. हीरालाल हा सुकामेव्याचा आणि जंगलच्या मालाचा व्यापारी. त्याची आई सायरबाई पूर्वी शिरपूरला असताना सुगंधाबाई तिच्याकडे डोक्यावरून मोहाची फुलं आणि डिंक आणून घालायची. सायरबाई गेली, तरी हीरालालने ओळख ठेवली होती. त्याने गादीवर तिला जागा केली, घरात निरोप पाठवला आणि नातीने, पलकने, वाटीभर बासुंदी आणून ठेवली.

“खाऊन बघा अक्का, नवे दात आहेत. चारोळी तुमच्याच गावची आहे त्यात.”

“आमना गावनी?”

“मग. मोरखडीचा दाणा बघितला की ओळखतो मी. मोठा, गोड. ईश्वरभाऊ दर आठवड्याला पोतं आणून टाकतो.”

सुगंधाबाईच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. कोपऱ्यात पोती रचलेली होती. त्यांची तोंडं पळसाच्या सालीच्या दोरीने बांधलेली, वर तिपेडी गाठ. ती गाठ सबंध मुलखात एकट्या मंजुळाबाईच्या घरात मारतात. मारायला मंजुळाबाईने मोनालीला शिकवली होती आणि मंजुळाबाईला तिच्या सासूने.

“हाई तं सायेबले जास ना?” तिने विचारलं.

हीरालाल हसला. “कुठला साहेब, अक्का? आता साहेबाचा काय संबंध? जंगल तुमच्या गावाचं झालं. आम्हाला कागद लागतो, नाहीतर वाटेत माल अडवतात. म्हणून ईश्वरभाऊने पहिल्याच दिवशी झेरॉक्स दिली. ती बघा.”

गणपतीच्या तसबिरीखाली, भिंतीला चिकटवलेला एक कागद होता. सुगंधाबाई उठली. ती दुसरीपर्यंत शिकली होती. अक्षर अक्षर जोडून वाचायची, गाडीबैल चढ चढतात तसं. मो-र-ख-डी, हे तिने वाचलं. गोल शिक्का ओळखला. पुढचं बारीक होतं.

“बेटा, वाच व माय.”

पलकने वाचलं. सामूहिक वनहक्क. मोरखडी ग्रामसभेला आपल्या हद्दीतल्या जंगलातून मोह, चारोळी, डिंक, टेंभुर्णीची पानं, बांबू गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क. जंगल राखण्याचाही हक्क. कुणा एकाच्या नावाने नाही, सगळ्या गावाच्या नावाने.

“तारीख?”

पलकने तारीख वाचली. दोन वर्षं आणि तीन महिने झाले होते.

एवढे मंगळवार. सुगंधाबाईला ते मोजता आले नाहीत. तोंडात बासुंदीचा घोट होता आणि चारोळीचा एक दाणा कवळीच्या खाली, हिरडीवर जाऊन बसला होता. तो ना गिळता येई ना काढता येई. तिला उलटीची उबळ आली. दुकानात थुंकणं बरं नव्हे म्हणून तिने तो घोट तसाच गिळला. पूर्वीही तिने असंच गिळलं होतं.

परतीच्या वाटेवर ईश्वर गाडी चालवता चालवता बोलत होता, मंडप, पाहुणे, हार. ती खिडकीबाहेर बघत होती.

ज्या वर्षी देश मोकळा झाला त्या वर्षी ती शिरपूरजवळच्या माहेरी बिगरीत होती. शाळेत गूळ-फुटाणे मिळाले होते, मास्तर रडले होते, पोरांना वाटलं मास्तरांचं कुणी गेलं. नऊ-दहा वर्षांनी ती लग्न होऊन मोरखडीत आली आणि पहिल्याच मंगळवारी रूळ वाजला. सात नंबर पाणी घेऊन आला. सव्वीस नंबरने गवताचा भारा टाकला. एकोणीस नंबरची बाई हसत हसत टोपलीत अंडी घेऊन आली. बंगल्यात कुणी नव्हतं. सुगंधाने सासूला विचारलं, कोणता साहेब, साहेब तर गेला, आम्हाला गूळ-फुटाणे मिळाले. सासूने तिच्या तोंडावर हात ठेवला.

गावातली माणसं खुळी नव्हती. बाजाराला जात, त्यांच्याही कानावर आलं होतं की धुळ्याला झेंडा बदलला. पण वना त्यांना सांगे, राज गेलं ते तिकडे, जंगल साहेबाचंच आहे. आणि ते तसं दिसतही होतं. खाकी कपडे तेच, कायदा तोच, कुऱ्हाड जप्त करायची रीत तीच. पहिल्या मतदानाला त्याने रूळ वाजवून सगळ्यांना नेलं, तर माणसांनी साहेबाची आणखी एक वेठ म्हणून पेटीत कागद टाकला. वना सांगतो त्यातलं अर्धं खरं होतं, म्हणून उरलेलं अर्धं कुणी तपासलं नाही.

उरलेलं अर्धं वनाच्या पत्र्याच्या पेटीत होतं. एकदा घर सारवताना सुगंधाने ती पेटी उचलली, तर तळाशी शिक्क्याचा कागद. मोरखडीत तेव्हा वाचता येणारं माणूस ती एकटीच. तिने उकिडवं बसून एक ओळ लावली. गावकऱ्यांकडून वेठ घेणे बंद करण्यात आले आहे. कागद आठ वर्षं जुना होता.

पुढे काय झालं ते तिने आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो मरायला टेकला तेव्हाही नाही.

घरी पोचल्यावर तिने स्वयंपाकघरात ज्योत्स्नाला गाठलं. “जंगलना कागद कोठे शे?”

ज्योत्स्नाने पोळपाटावरची नजर वर केली नाही. “कोणता कागद, मोठी माय?”

“जळगावले भिताडवर शे तो. तो वाण्याना घरनी पोर वाचस. आन् मोरखडीनी सरपंच पोया लाटस.”

ज्योत्स्नाचं लाटणं थांबलं. ती म्हणाली, “कपाटात. लग्नाच्या साड्यांखाली. मी एकदा वाचायला घेतला होता, तर म्हणाले, तुझं काम सहीचं.”

“मंग?”

“मग काय. केली सही.”

सुगंधाबाईला तिच्या कानशिलात द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी तिचं तोंड दोन हातांत धरून विचारावंसं वाटलं, तुला काय दिलं गं त्याने गप्प बसायला. ती दोन्ही न करता बाजेवर जाऊन बसली.

चौदा तारखेला सकाळी कमानीचा रंग बघून ईश्वर घरी आला, तेव्हा तिने त्याला समोर बसवलं. तो उभाच राहिला.

“उद्या तो कागद तू बठ्ठास्ना समोर वाच,” ती म्हणाली. “तू वाच. मी तोंड उघडत नही.”

तो दचकला, पण क्षणभरच. मग त्याने खुर्ची ओढली आणि समजुतीच्या सुरात, लहान पोराला सांगावं तसं सांगायला लागला. “मोठी माय, ही अडाणी माणसं. जंगल त्यांच्या हातात दिलं तर वर्षात बोडकं करतील. आपसात डोकी फोडतील. कुणीतरी वर लागतं. मी आहे म्हणून शिस्त आहे. वेळ आली की मी सांगणारच आहे. अजून त्यांची तयारी नाही.”

सुगंधाबाई त्याच्याकडे बघत राहिली. हे सगळं तिने ऐकलं होतं. माहेरच्या शाळेत मास्तर सांगायचे, गोरे लोक जाताना हेच म्हणत होते, यांना राज्य चालवता येणार नाही, यांची तयारी नाही. तोच घास, शिळा, दुसऱ्याच्या ताटातला, तिच्या नातवाने उचलून तोंडात घातला होता आणि त्याला त्याचा वासही येत नव्हता.

“आन् मोनाली?”

“मोनालीचं काय? एकोणीस नंबरला काल रात्री शिरपूरच्या दवाखान्यात नेलंय. बरी आहे. बाळ पण राहील म्हणतात. झोपून राहायला सांगितलंय.”

“जात्यावर बठेल व्हती.”

“पाळी होती तिची.” मग तो उठला. तोंड वाकडं करून म्हणाला, “आणि तुला एवढीच घाण वाटत असेल ना, तर आधी तोंडातले दात काढ. ते कशातून आले? उद्या बोललीस तर माझं एकट्याचं नाही जाणार. पणजोबांचं जाईल. आजोबांचं जाईल. तुझंही. सत्तर वर्षं कुणाच्या घरची म्हणून मिरवलीस, ते आठव.”

हे मात्र त्याने बरोबर जागी मारलं. संध्याकाळी सुगंधाबाई काठी टेकत समोरच्या घरी गेली. मंजुळाबाई एकटीच दारात बसून दोरी वळत होती, तिपेडी गाठ मारत होती. हात न थांबवता मंजुळाबाई म्हणाली, “पोर उठी नही राहिनी. मंगळवारले आते मीच जास. ईश्वरले सांग, पाळी चुकाव नही आमनी.”

सुगंधाबाई तशीच परत आली.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या अंगणात सगळं गाव जमलं. ज्योत्स्नाने झेंड्याची दोरी ओढली. पाहुण्यांना हार घातले. ईश्वरने माईक हातात घेऊन पणजोबांची कथा सांगितली. गोऱ्या साहेबाच्या ताटात वाढताना वनाबाबांच्या मनात कशी आग होती, रुळाचे ठोके म्हणजे क्रांतिकारकांना कसा गुप्त इशारा होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुगंधाबाई खुर्चीवर बसून ऐकत होती. माणूस खोटं बोलतो ते समजून घेता येतं. पण हा खोट्याला साखर लावून, वर चारोळी पेरून वाढत होता.

“आता त्यांच्या सूनबाई, माझी आजी, दोन शब्द बोलतील.”

ती उठली. माईक तोंडासमोर आला तसा तिने तो हाताने बाजूला केला. मोरखडीचं अंगण केवढं, आणि तिचा आवाज केवढा.

“मंजुळे,” ती म्हणाली, “पुढे ये. हाई तुनं शे.”

मग तिने सांगितलं. पेटी, शिक्का, ती एक ओळ. वनाला सगळं माहीत होतं. कागद आणणाऱ्याने वाचून दाखवला त्या दिवसापासून माहीत होतं. बंगल्यात साहेब नव्हता, पिंपात कुणी आंघोळ करत नव्हतं, गवत वनाची म्हैस खात होती आणि अंडी वनाच्या घरात शिजत होती. गर्दीतून आधी कुजबुज झाली, मग तीही थांबली. ईश्वर दोन पावलं पुढे आला. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं.

“मी तो कागद सासराना समोर धरा,” ती म्हणाली. “म्हनं, आबा, हाई काय शे. त्यानी माले मारं नही. शिवी दिधी नही. कागद घडी करीसन पेटीमा ठेवा आन् सासूले सांगं, उद्यापाशी सूनले दोन अंडा देत जाय. तवलोंग माले एक मिये. दुसरा दिवसपाशी दोन व्हयनात. आन् मी दोन खादात, मंजुळे. दर मंगळवारले. दारना आड बठीसन. वना मरी गया, रूळ बंद पडना, तरी तुनी सासू तीन मंगळवार टोपली लई उनी. मी तिले सांगं नही. टोपली लिधी.”

मंजुळाबाईने हातातली दोरी खाली ठेवली.

“मोठी माय, बस आता,” ईश्वर दातओठ खात पुटपुटला. “तिचं वय झालंय, मंडळी, तिला—”

“ज्योत्स्ना,” सुगंधाबाईने हाक दिली. “तू सरपंच शे ना? वाच.”

सगळ्यांच्या माना वळल्या. ज्योत्स्ना झेंड्याच्या काठीला एक हात लावून उभी होती. ती वाचणार नाही, असं क्षणभर सगळ्यांनाच वाटलं, बहुतेक तिलाही. मग तिने पदराआडून घडी काढली. लग्नाच्या साड्यांतल्या डांबरगोळ्यांचा वास त्या कागदाला अजून होता. आवाज आधी फुटला नाही. दुसऱ्या ओळीपासून फुटला. मोह, चारोळी, डिंक, टेंभुर्णीची पानं, बांबू. कुणा एकाचं नाही, सगळ्या ग्रामसभेचं. तारीख तिने दोनदा वाचली, कारण मागून कुणीतरी विचारलं, “कधीनी म्हनीस?”

कुणी आरडाओरडा केला नाही. पाहुणे गाडीकडे निघाले. सव्वीस नंबरचा भूषण, जो गेल्याच महिन्यात दोन मंगळवार जात्यावर बसला होता, उठून अंगणाबाहेर चालू लागला. त्याच्यामागे आणखी दोघे. थोड्या वेळाने चिंचेच्या बाजूने रूळ काढल्याचा, मातीत पडल्याचा आवाज आला. एकच, बसका.

ईश्वर माईक हातात धरून तिथेच उभा होता. “झालं समाधान?” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून गावची बोली आली. “आपलं घर बुडाडं तुनी, मोठी माय. आपलंच.”

सुगंधाबाईने तोंडात बोटं घातली. वरची कवळी काढली, मग खालची. लाळेने ओली दोन्ही तिने पाहुण्यांसाठी मांडलेल्या टेबलावर, हारांच्या ढिगाशेजारी ठेवली. गाल आत गेले. ती पुन्हा ऐंशीच्या वरची, बोळक्या तोंडाची, गावातली म्हातारी झाली. पण शब्द एकही चुकला नाही.

“वना भ्याड व्हता, ईश्वर. त्यानी गोरा सायेब पाह्यला व्हता, त्याना बूट आंगवर खादा व्हता, म्हनीसन तो सायेब गया तरी त्यानं भ्या गयं नही. मी खादाड व्हती. पोट भुकं व्हतं, तोंड शिवी लिधं. आम्हना दोन्हीस्ना कपायले लागेल शे ते, आम्ही लई जासूत. पन तुले कोन्ही मारं नही, तू भुका नही, तुनी सायेब डोयावरी पाह्यला बी नही. तरी तू सायेब व्हयना. चोर बिचारा लपीसन खास. तू घंटा वाजाडीसन, गरवारशी पोरले जातावर बसाडीसन खास. माले तुनी शिसारी येस. आते हाई दात उचल, आन् मंजुळाना घर लई जाय, तिनाच पैसाना शेतस. तठे तुले कोन्ही नाव इचारी, तं सांगू नको. नंबर सांग.”